वेलिचकाची मूळ संख्या

१२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून संख्येला वाहून घेतलं. रविवारी लग्नाला चाळीस वर्षं होतात. वेलिचकाला अंगठी नाही, मूळ संख्या देणार. तिची जन्मतारीख, माझी, लग्नाची. सगळे आकडे एका ओळीत, पुढे तीच ओळ उलटी. अठ्ठेचाळीस आकडे, डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. हिला कुणाच्या बापानेही भाग जाणार नाही, हे बघताक्षणी ओळखलं. उभा जन्म प्लोवदिवच्या शाळेत गणित शिकवलंय, उगाच नाही. फक्त सिद्ध करायचं बाकी.

दुपार
कॉम्प्युटर लावला. दहा लाखांच्या पुढच्या संख्यांनी भागून बघायचं. त्याखालच्या पाचवीतल्या पोरांसाठी ठीक. रविवारपर्यंत आरामात.

१४ सप्टेंबर
फ्यूज उडाला. वेलिचका बाल्कनीत विजेच्या भांड्यात मिरच्या भाजत होती. हिवाळ्याच्या ल्युतेनित्सा चटणीसाठी वीस किलो लाल ढबू मिरच्या आणून ठेवल्यात. माझी सगळी गणती पाण्यात. शांतपणे सांगितलं, रविवारपर्यंत भाजणं बंद. म्हणाली, ते मिरच्यांना सांग. हे सगळं तिच्यासाठीच, पण बोलता येत नाही. सरप्राइज आहे.

१५ सप्टेंबर
पुन्हा फ्यूज. भांडं कपाटात घालून कुलूप लावलं. वेलिचका बोलत नाही. बरंच झालं, एकाग्रता वाढली.

१६ सप्टेंबर
अख्ख्या इमारतीत भाजल्याचा खमंग वास. आमच्या बाल्कनीतून वेगळा वास. मिरच्या खालून मऊ पडल्यात. शास्त्रासाठी थोडं सोसावं लागतं.

१७ सप्टेंबर
वेलिचका मिरच्या घेऊन आसेनोवग्रादला बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, कर तुझ्या डबड्याशी संसार. येईल संध्याकाळपर्यंत. डबडं मात्र छान चाललंय. एकाही संख्येनं भाग जात नाही. जिंकलो.
संध्याकाळ: आली नाही. पाव आणि चीज खाल्लं.

१८ सप्टेंबर, रविवार
सकाळी करामफिल आला. माझ्याच शाळेत गणिताला होता, आयुष्यभर माझ्यावर जळला. राकियाचा घोट घेत संख्या पाहिली आणि हसत सुटला. म्हणाला, अरे शहाण्या, उलटसुलट सारखी आणि आकड्यांची संख्या सम, अशा प्रत्येक संख्येला अकराने भाग जातो. आठवीला तूच शिकवायचास ना? कागदावर भागून दाखवलं. बाकी शून्य.
करामफिलला गणितातलं सौंदर्य कधी कळलंच नाही.

संध्याकाळ
बसने आसेनोवग्राद. दोघी बहिणी अंगणात मिरच्या सोलत होत्या. वाचल्या तेवढ्या. वेलिचकाने वर पाहिलं नाही. मग सांगून टाकलं सगळं: चाळीस वर्षं, आपल्या तारखा, तुझ्यासाठी संख्या, अकरा. तिचे हात थांबले. डोळे पुसले तिने, मनगटाने. म्हणाली, वेड्या, आधी सांगायचंस की. बघू तरी, माझ्या तारखेचे आकडे कुठले?
कागदावर दाखवले.
कागद डोळ्यांजवळ धरला. मग बहिणीकडे बोट दाखवत म्हणाली, ही तर हिची जन्मतारीख.
बहिणीने सुरी माझ्या हातात दिली आणि टोपली पुढे सरकवली.
तरीच भाग गेला.