एक सूत कमी

रविवार, ३ एप्रिल २०११

तुळजाबाईंच्या पाण्याच्या टाकीला भोक. खरं तर दोन — एक गोळी आत शिरतानाचं, एक बाहेर पडतानाचं. काल वर्ल्ड कप जिंकल्यावर जयसिंगकाकांनी गच्चीवरून तीन बार काढले, त्यातला एक समोरच्या गच्चीवर गेला. सकाळी तुळजाबाई अंगाला साबण लावून बसल्या आणि नळ कोरडा. काकांनी नवी टाकी देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "टाकी द्याल ओ. टाकीच्या जागी पोरं झोपली असती म्हंजी?"

आणि आमचे अण्णा काय म्हणाले? "जयसिंगचा आवाज पार टिंगरेनगरपातुर गेला." कौतुकानं!

अण्णांकडेही रिव्हॉल्वर आहे, दीड वर्ष झालं. विश्रांतवाडीतली शेवटची जमीन बिल्डरला दिल्यावर भावकीत प्रत्येकानं एक गाडी, एक गळ्यातली साखळी आणि एक रिव्हॉल्वर घेतलं. लायसन्सचा अर्ज मी भरला. घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मी, त्यामुळे सगळे अर्ज माझ्याकडे. 'जिवास धोका कोणापासून?' अण्णा म्हणाले, "लिही कायतरी, शिकलेली हायस." मी लिहिलं — अज्ञात इसमांकडून. खोटं लिहिलं. तेव्हापासून मला त्या अज्ञात इसमांचीच काळजी वाटते.

सोमवार, ४ एप्रिल

अण्णा माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. टेबलावर ऑफिसातल्या श्यामलाताईंसाठी केलेलं चष्म्याचं घर होतं, ते उलटंपालटं करून पाहिलं. "झ्याक शिवतीस की. माझ्या वस्तूला एक कव्हर कर. चामड्याचं. लग्नात कमरेला लावायला."

लग्न म्हणजे जयसिंगकाकांच्या धाकट्याचं, १५ मेला.

"नुसतं लावायला ना?"

"वरातीत एक बार तर काढावाच लागंल. भावकी बघत असती."

"माणसांत?"

"आभाळात गं."

परवा जयसिंगकाकांनीही आभाळातच काढला होता. दोन वर्षं मी हे शिवतेय आणि अण्णा म्हणतात, "एम.कॉम. झालीस अन् कातडं काय कुटत बसतीस?" आज पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. हो म्हणून टाकलं.

शनिवार, ९ एप्रिल

खडकीला दादामियाँकडे. चाळीस वर्षं त्यांनी लष्करासाठी दुर्बिणींची घरं आणि पट्टे शिवले. आता बाजारात एक फळी टाकून बसतात. मी पर्सचा बंद शिवून घ्यायला गेले होते आणि शिकायला राहिले, ती अजून जातेच आहे.

त्यांनी पद्धत सांगितली. चामडं भिजवायचं, जी वस्तू आत राहणार तीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत दाबायची, बोटांनी कडा बसवायच्या आणि सावलीत वाळू द्यायचं. वाळलं की चामडं तोच आकार धरतं.

"पण दादामियाँ, लायसन्स अण्णांच्या नावावर आहे. मी हात लावणं नियमात बसत नाही."

"मग त्यांना बाजूला बसव."

"दोन दिवस?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटा, कायदा तुला माहीत. मला चामडं माहीत."

यावर उपाय सापडला आहे. लाकडाची हुबेहूब प्रत करून घ्यायची आणि चामडं तिच्यावर दाबायचं. कायदाही शाबूत, कव्हरही.

बुधवार, १३ एप्रिल

माप घेतलं. अण्णांनी रिव्हॉल्वर पाटावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरलं. रिकामं आहे ना, असं मी पाच वेळा विचारलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रिकामं असलं तरी तोंड तिकडं करा. मला भाकरी करायच्यात." खालच्या कागदावर पेन्सिलीनं बाहेरची रेघ काढली. गोळ्यांच्या चक्राची जाडी मोजायला दोरा धरला, पण लोखंडाला बोट लागू नये म्हणून जरा लांबूनच, नजरेच्या अंदाजानं.

सुतारानं कागद पाहिला. "पोराला खेळायला व्हय?"

"नाही, वडिलांना."

रविवार, २४ एप्रिल

आज पूर्ण दिवस माझा. आरीनं एकसारखी भोकं पाडली, मेण लावलेला दोरा, दोन सुया, दोन्हीकडून एकाच भोकातून. असं शिवलं की एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. एकशे बारा टाके. मग चामडं भिजवलं आणि लाकूड आत सारून दाबत बसले. आकार हळूहळू वर आला. नळी, चक्र, घोडा. सुंदर दिसतंय. ज्या वस्तूसाठी आहे ती मला नको, आणि तरी सुंदर दिसतंय! याचं काय करायचं?

आई दारातून म्हणाली, "एवढं ध्यान देऊन एखादं स्थळ बघितलं असतंस तर…"

गुरुवार, २८ एप्रिल

ऑफिसात श्यामलाताईंना सांगितलं. त्या सदाशिव पेठेतल्या, वाक्य खर्च करत नाहीत. "वडिलांच्या जिवाला धोका आहे?"

"नाही."

"मग आता होईल." आणि पुन्हा हजेरीपटात डोकं.

रविवार, १ मे

अण्णांना कव्हर दिलं. रिव्हॉल्वर आत सारलं — अर्ध्यावर अडलं, मग त्यांनी तळहातानं ठोकलं, ठप्. कमरेला लावून आरशासमोर उभे राहिले. या अंगानं, त्या अंगानं. "आनंदे, बघ, लेकीनं केलंय." आईला नावानं हाक मारली म्हणजे खूश आहेत.

अडलं का? या एका विचारानं मी जेवले नाही. संध्याकाळी लाकडी प्रत घेऊन मोजमापाचा कागद काढला. चक्राच्या जागी प्रत एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर, कमी आहे. सुताराची चूक नाही. कागदावर आकडा माझाच. लांबून धरलेला दोरा!

प्रतसुद्धा कव्हरातून कष्टानं निघत होती. खरं रिव्हॉल्वर तिच्याहून एक सूत जाड. ते एकट्या माणसाच्या हातून निघणार नाही.

"अण्णा, एकदा काढून बघता?"

"घरात काढायची नसती," म्हणाले आणि पट्ट्यासकट कपाटात ठेवलं.

मंगळवार, ३ मे

ऑफिसातून थेट खडकी. दादामियाँ हसले. "घेऊन ये. भिजवू, लाकडाला पट्टी चिकटवू, परत दाबू. एका दिवसाचं काम. मालकानं ओढलं की वस्तू सुटली पाहिजे, नाहीतर ते कव्हर नाही, कुलूप झालं."

कुलूप. बसमध्ये सबंध वाटभर हाच शब्द.

गुरुवार, ५ मे

कव्हर नेलं नाही.

मी मुद्दाम घट्ट केलेलं नाही. चूक झाली. झालेली चूक दुरुस्त न करणं, एवढंच मी करतेय. हे वाक्य काल लिहिलं, खोडलं, आज पुन्हा लिहिलं. तरी वकिलासारखंच वाटतंय.

दुरुस्त केलं तर वरातीत बार निघेल. रस्त्यावर तीनशे माणसं, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत बायका, कुणाच्या खांद्यावर पोरं. दुरुस्त नाही केलं तर तीनशे माणसांसमोर अण्णांचं हसं. जमीन गेल्यापासून त्यांच्याकडे भावकीत मिरवायला एवढंच आहे. शिवाय काम माझं, आणि ते वाईट आहे. वाईट काम आहे हे माहीत असून मी ते माझ्याच वडिलांच्या कमरेला बांधलंय.

आणि समजा, अज्ञात इसम खरंच आले तर?

बुधवार, ११ मे

दादामियाँचा फोन — "आणलं नाहीस?" वेळ नाही मिळाला म्हटलं. आठ दिवसांत वेळ नाही! त्यांनी फोन ठेवला. त्यांना समजलं असणार.

शनिवार, १४ मे

दोनदा अण्णांच्या दारापर्यंत गेले. एकदा पाणी हवंय का विचारलं, एकदा पंखा लावू का. पंखा चालूच होता.

सोमवार, १६ मे

झालं.

काल वरात चौकात आली, बँड थांबला. सगळे जयसिंगकाकांकडे बघायला लागले, पण टाकीच्या प्रकारानंतर त्यांच्या बायकोनं, बायडाकाकूंनी, त्यांच्या गोळ्या स्वतःच्या साड्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत. मग कुणीतरी ओरडलं, "सर्जेराव, होऊ द्या!" मग सगळेच. "होऊ द्या अण्णा, होऊ द्या!" मी वरच्या गॅलरीत, कठडा धरून.

अण्णांनी शर्ट बाजूला सारला, मुठीत धरलं, ओढलं. रिव्हॉल्वर नाही निघालं, पट्टा वर आला. पुन्हा ओढलं. पॅंट वर आली. जयसिंगकाकांनी पुढं होऊन पट्टा खाली दाबून धरला, अण्णा वर ओढतायत — दोन पोक्त माणसं, एक फेटा सुटलेला. मागून कुणी म्हणालं, "साबण लावा, अंगठीवानी निघंल." हसू उसळलं. बँडवाल्यानं लांब, खाली उतरत जाणारा सूर काढला. त्यावर आणखी हसले. नवरदेव घोड्यावर हसतोय.

अण्णांनी हात जोडले, फेटा सावरला आणि गर्दीतून वाट काढत निघाले. जेवायला थांबले नाहीत.

कुणालाही काही झालं नाही. गॅलरीतली पोरं, बायका, सगळी जागच्या जागी. मला हेच हवं होतं.

गुरुवार, १९ मे

बायडाकाकूंचा फोन. "शालू, आमच्या ह्यांना बी एक कव्हर कर. भाऊजींचं हाय तसंच."

"काकू, त्यात दोष आहे. ते निघत नाही."

"त्योच दोष पायजे. जरा बी ढिलं करू नको."

दुपारपर्यंत अशाच आणखी दोन ऑर्डरी. दोन्ही बायकांच्या. दोघींनीही सांगितलं, ह्यांना सांगू नको. दोन वर्षं नीट शिवलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक नाही. एक बिघडली तर रांग.

चौकात अण्णांचं नाव 'डिंक' पडलंय. भाजीवाल्यानंही तेच म्हटलं, माझ्या तोंडावर. अण्णा चार दिवस घराबाहेर पडलेले नाहीत. कुणाला दोषही देत नाहीत. कव्हराबद्दल मला एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. उद्या सांगते.

शुक्रवार, २० मे

सांगितलं नाही.

शनिवार, २१ मे

सांगितलं. "अण्णा, कव्हर घट्ट आहे ते मला आधीपासून माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

ते चहा घेत होते. म्हणाले, "मला बी ठाव व्हतं. तू दिलंस त्याच दिशी. तुझ्या आईनं पट्टा धरला, मी ओढलं, तवा कुठं निघालं. परत घातलं."

"मग सगळ्यांसमोर ओढलंत कशाला?"

"न्हाय ओढलं तर म्हणाले असते, सर्जेराव भ्याला. दुसऱ्या कुणाचं तरी हातात कोंबलं असतं. जयसिंगनं पट्टा धरला तवा मी जोर लावलाच न्हाय." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि उजवा हात माझ्यासमोर उघडा धरला. बोटं थरथरत होती, थांबत नव्हती. "दिवाळीपासनं हाय. आईला तेवढं म्हाईत. बार काढला असता तर कुठं गेला असता, मला सांगता येत न्हाय."