ओला फडका

३ मार्च, सोमवार

— आणि माझ्या डोळ्यांदेखत शाळेतल्या बाईंनी खिडकीवरून ओला फडका फिरवला! मी हातमोजे चढवत होते, तेवढ्यात. "पाहुणे येणार म्हटल्यावर घाण कशी ठेवायची?" वर्ग हाताची घडी घालून चिडीचूप.

भिंतींचा रंग जुना, पोपडे सुटलेले. रंगात शिसं असेल तर ते धुळीत उतरतं, धुळीतून बोटांना, बोटांवरून पोटात. लहान मुलांच्या मेंदूला ते कायमचं बाधतं. ती धूळ टिपायला आम्ही गेलो. आणि धूळ बादलीत!

माझ्याबरोबरचा इंटर्न, चष्मिस, कानात म्हणाला, "बादलीचा नमुना घेऊ का?"

कपाळ माझं. पुसलेल्या खिडकीचाच घेतला.

४ मार्च

आमच्या संस्थेच्या मॅडमना म्हटलं, पुढच्या वेळी न कळवता जाऊ. "शाळा आहे ती. चोर पकडायचाय का?" म्हणजे परवानगी, ठरलेली वेळ, आणि पुन्हा फडका. बिनपगारी माणसाने बोलून बोलून किती बोलावं?

वर आणखी एक काम. प्रत्येकाने आपल्या घरच्या खिडकीचा नमुना आणायचा. हात बसावा म्हणून. आणि तुलनेला एक चांगलं घर हवं म्हणून.

५ मार्च

घरी नमुना घेताना भाची पायात. नुकती उभी राहायला लागलीय, दात येताहेत, दिसेल ते चावते — रिमोट, चप्पल, माझे हातमोजे. ताई कामावर गेली की खिडकीच्या चौकटीला तोंड लावून तिची वाट बघते. तिला कुसळ टोचू नये म्हणून बाबांनी गेल्या महिन्यात चौकट पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली. रंग द्यायचा राहिलाय तो राहिलाच.

"बाजूला हो ना गं बाई!" ओरडलेच. रडारड. आई स्वयंपाकघरातून: "जगाच्या पोरांचा एवढा कळवळा, आणि हिच्यावर खेकसतेस!"

८ मार्च

नमुने प्रयोगशाळेत गेले. आता वाट बघा.

१२ मार्च

अहवाल आला. शाळेच्या खिडकीत शिसं जवळजवळ नाही. आमच्या घरी मर्यादेच्या कितीतरी वर!

आधी हसू आलं. मग तळपायाची आग मस्तकात. पाकिटांची अदलाबदल! चष्मिसला वाटेल ते बोलले. तो म्हणाला, "तुझ्या घरचं पाकीट मी हातातसुद्धा घेतलं नव्हतं. तूच बंद करून आणलंस." खरं होतं. तरी भांडत राहिले. अदलाबदल झाली असती तर सगळं किती नीट जुळलं असतं!

मॅडमनी भांडू दिलं. मग हळूच विचारलं, "घरी एवढ्यात रंग खरवडला का कुणी?"

बाबांचा पॉलिशपेपर!

"कोरडं झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा," त्या म्हणाल्या. "आणि बाळ असेल तर त्याचं रक्त तपासून घे."

घरी आले. चौकटीच्या खालच्या पट्टीवर बारीक दातांच्या खुणा. बाबा भाचीला कडेवर घेऊन उभे. "बघ, हात फिरव. कशी लोण्यासारखी झालीय!"

१३ मार्च

सकाळी ओल्या फडक्याने चौकट पुसली. मग भाचीला रक्त तपासायला नेलं. ताईने तिला मांडीवर धरलं. बाबाही आले होते. सुई टोचताना त्यांनी तोंड फिरवलं.