हरभरा आणि ज्वारी

१८ एप्रिल

एकदाची तारीख मिळाली. छातीच्या फोटोची — ११ जुलै! दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "अगं, तोवर माझी गाठ लग्नाच्या वयाची होईल." ती हसली नाही. "यंत्र एक, आणि बायका अख्ख्या स्फाक्स शहराच्या. चला, पुढची."

डाव्या बाजूला आहे. हरभऱ्याएवढी. तिला हरभराच म्हणायचं ठरवलंय. इथे त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. 'तो वाईट आजार' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. कॅन्सर. घे, लिहिलं. पान काही फाटलं नाही.

कुणाला सांगणार नाही. इबतिहालला तर मुळीच नाही. तिकडे सूसला माझी लेक पहिलटकरीण, आत्ता कुठे तिसरा लागलाय.

उतरताना जिन्यात नेमकी मन्नूबिया! आमची शेजारीण. गल्लीतली कुठलीही बातमी हिच्या दारात बसून, चहा पिऊनच पुढे जाते. "वसीला, तू इथे?" मी तारखेचा कागद ओढणीआड सारला. "तू कशी गं इथे?" म्हणाली, "गुडघे."

२१ एप्रिल

मी लग्न करतेय!

मला आज पाव घेताना कळलं. लग्नाआधी सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो ना — तर मी म्हणे तोच आणायला दवाखान्यात गेले होते. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन नऊ वर्षं, आणि भट्टीवाली म्हणते, "छुपी रुस्तम निघालीस." हे मन्नूबियाशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नाही.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, पुढचा प्रश्न येणार: मग दवाखान्यात कशाला? तोंड मिटलं. खाली बघून लाजले. अजून जमतं की.

२ मे

नवरदेवही मिळाला. खमैस, मासेवाला, विधुर. गल्लीने परस्पर ठरवला, कारण तो मला नेहमी एक मासा वर टाकतो.

गेले त्याच्याकडे. मासा साफ करता करता मान वर न करता, पण अदबीने 'लल्ला' लावून म्हणाला, "लल्ला वसीला, आपलं लग्न ठरलंय म्हणे. मला कुणी कळवलं नाही."

"मलाही नाही."

"मग लोकांना नाही म्हणून सांगायची घाई आहे का?"

"जुलैपर्यंत तरी नाही."

आज दोन मासे वर टाकले त्याने.

१९ मे

इबतिहालचा फोन. बातमी सूसपर्यंत पोचली. "आई, खरं सांग. काही आहे का?"

आहे बाई, हरभरा आहे. म्हटलं, "लोकांना कामधंदा नाही."

"मला मासेवाला बाप नकोय."

फोन ठेवून पोट धरून हसले. मग ओट्याशी उभी राहून रडले. मला भीती वाटते. भाजी चिरतानाही हात आपोआप तिकडे जातो, वाढलाय का बघायला.

८ जून

हम्माममध्ये बायकांनी नवरी म्हणून घासून घासून लाल केलं. डाव्या बाजूचा पंचा मी सोडला नाही. "लाजते बघा!" म्हणून सगळ्या खिदळल्या. लाजू दे की.

मन्नूबिया नव्हती. ती कित्येक वर्षं येत नाही. वाफेने चक्कर येते म्हणे. चक्कर कसली, कंजूष आहे.

११ जुलै

यंत्र बंद!! एक भाग फ्रान्सहून यायचाय. विचारलं, "पोहत येतोय का?" या वेळी ती मुलगी हसली. पंचवीसला या म्हणाली. बसमध्ये एवढा राग आला की शेजारच्या बाईची टोपली पायाने सरकवली. बिचारीचा काय दोष.

घरी आले तर मन्नूबिया बदामाचं सरबत घेऊन उंबऱ्यावर हजर. "तारीख पुढे गेली?"

"कसली तारीख?"

"दाखल्याची गं."

हिला सगळं कळतं आणि काहीच कळत नाही.

२५ जुलै

झाला एकदाचा फोटो. जैतुनाचं तेल काढतात तसं दाबलं. डॉक्टरीण पडद्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग सुई टोचून तुकडा घेतला. निकाल ऑगस्टात. आणखी थांबा!

येताना वाणसामानाच्या दुकानात मन्नूबिया ज्वारी घेत होती. एवढ्या उकाड्यात! ज्वारीची पेज आपण थंडीत करतो. म्हटलं, "बायकांना डोहाळे लागतात ते ठाऊक होतं, पण या वयात?" ती म्हणाली, "तुझं लग्न होऊ दे, मग बघते तुझ्याकडे."

५ ऑगस्ट

काही नाही. वर्षभर पुरेल एवढा कुसकुस वळला, रव्याचा दाणा न् दाणा. हात कामात असले की बरं वाटतं.

१९ ऑगस्ट

मन्नूबिया बरोबर यायचा हट्ट धरून बसली. "नवरी एकटी जात नसते." शेवटी नेली आणि बाहेरच्या बाकावर बसवली.

आहे. तोच आहे. लहान आहे, वेळेत सापडला, पण डावा काढावा लागेल — डॉक्टरीण सावकाश सांगत होती आणि मी तिच्या कानातल्याकडे बघत होते.

बाहेर आले. मन्नूबियाने विचारलं, "कधी आहे?"

म्हटलं, "लग्न नाहीये गं. कधीच नव्हतं."

"ते माहीत आहे मला. ऑपरेशन कधी आहे, ते विचारतेय."

२० ऑगस्ट

मन्नूबिया सकाळीच आली. दार लावलं आणि माझा हात धरून स्वतःच्या उजव्या बाजूला ठेवला. आत कापडाची पिशवी. ज्वारी! तिचा उजवा काढून सहा वर्षं झाली. जिन्यात भेटली तेव्हा तीही तपासणीलाच आली होती. लग्नाची आवई तिनेच उठवली, मला कुणी दुसरं काही विचारू नये म्हणून.

इबतिहालला आता फोन करते. सगळं सांगते.

मन्नूबिया म्हणते, उन्हाळ्यात दाणे बदलत जायचे, नाहीतर पोरकिडे होतात.