पुढचा ब्रेक

४ नोव्हेंबर, सोमवार

पट्टा निघाला! सात आठवडे गळ्यात अडकवलेला हात आज परत माझा झाला. डॉक्टर म्हणाले, कॉलरबोन जुळलंय, पण सायकल इतक्यात नको. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

घरी आल्या आल्या बाल्कनीतली सायकल पुसायला घेतली. पडल्यापासून तशीच उभी होती, अनंतगिरीच्या टेकडीची लाल माती टायरांत वाळून बसलेली. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला — थेट हँडलला टेकला. मध्ये काही अडलंच नाही. त्या रविवारी उतारावर टेकला होता, अगदी तसाच.

म्हणजे मी घाबरले नव्हते.

हे लिहून ठेवते, कारण सायकलच्या ग्रुपमध्ये सगळे उलटंच धरून बसलेत. मकरंदने सांगितलं ना! मकरंद म्हणजे ग्रुपचा कॅप्टन, सगळ्यांच्या सायकली त्याच्या हिमायतनगरच्या गॅरेजात दुरुस्त होतात, हौसेने. "ब्रेक मी स्वतः केले होते शुक्रवारी. नवं तेल घातलं. मनीषा पॅनिक झाली." मी हॉस्पिटलात पडलेली, खांद्यात प्लेट बसलेली, आणि हा निकाल देऊन मोकळा! वर नवा नियम — यापुढे लेडीजनी जंगलातल्या वाटेने उतरायचं नाही. डांबरी रस्त्याने यायचं. सेफ्टी!

भाग्यलक्ष्मी सहा वर्षं ती वाट उतरतेय, मकरंदपेक्षा जोरात. आता तीही डांबरी रस्त्याने. माझ्यामुळे.

नाही. त्याच्यामुळे.

६ नोव्हेंबर, बुधवार

ह्या ब्रेकात तार नसते, तेल असतं. लिव्हर दाबला की तेल नळीतून चाकापाशी ढकललं जातं आणि पॅड चकतीला आवळतात. तेलात हवा शिरली की नुसती हवा दबते, चाक मोकळं ते मोकळंच. मग ती हवा काढायची, जुनं तेल काढून नवं भरायचं. एवढंच! इंटरच्या, अकरावी-बारावीच्या पोरांना दरवर्षी पास्कलचा नियम शिकवते मी — आणि स्वतःचे ब्रेक त्याच्या गॅरेजात ठेवून आले, वर मिठाईचा डबा दिला.

तेल मागवलंय. सिरिंज आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेले. तो म्हणे, "मॅडम, पेशंट कौन है?"

"सायकल."

"सायकल कू बी सुई लगाते क्या!"

हसले. सात आठवड्यांत पहिल्यांदा असेन.

९ नोव्हेंबर, शनिवार

उघडला ब्रेक.

खालचा स्क्रू सैल करून सिरिंजमध्ये तेल ओढलं. नवं तेल गुलाबीसर असतं. हे आलं काळं — फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनसारखं, तळाशी गाळ. असं दोन महिन्यांत होत नाही, दोन-तीन वर्षांत होतं. मकरंदने हातसुद्धा लावला नव्हता! "नवं तेल घातलं" म्हणे. खोटं. पुसून, चकाचक करून दिली सायकल, बस.

सिरिंज उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघितली.

तेल मोरंब्याच्या छोट्या बरणीत भरून ठेवलं. आई म्हणाली, "हे काय, खोकल्याचं औषध?" म्हटलं, "हो. मकरंदचा खोकला काढायचाय." आईने बरणी मोरंब्यापासून लांब सरकवली.

१० नोव्हेंबर, रविवार

सगळं बिघडवलं. पॅड आधी काढून ठेवायचे असतात, ते राहिलं. तेल पॅडवर सांडलं. ब्रेक दाबला की गाढव ओरडल्यासारखा आवाज, आणि पकड शून्य. पॅड गेले. तेल फरशीवर, माझ्या सलवारीवर, तुळशीच्या कुंडीवर. आई फडकं घेऊन कुंडी पुसायला बसली, तेच जास्त लागलं.

मकरंद असाच कधी फसला असेल आणि मग हात लावायचंच सोडलं असेल? असेना! तसं सांगायचं होतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जमलं!! चाक काढलं, नवे पॅड आणलेत, ते आधीच डब्यात बंद ठेवले. वर लिव्हरला तेलाची वाटी लावली, खालून सिरिंजने हळूहळू नवं तेल चढवलं. नळीवर टिचक्या मारायच्या. आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नुसतं स्वच्छ गुलाबी तेल. खालचा स्क्रू बंद. लिव्हर दाबला — दगड! असं वाटलं की कोणीतरी आतून हात धरला.

आता बरणी घेऊन ग्रुपसमोर जावं? नको. म्हणेल, सायकल उभी होती, तेल काळं होणारच. चार जण माना डोलावतील. असं नाही सोडायचं ह्याला.

१ डिसेंबर, रविवार

भाग्यलक्ष्मीचे ब्रेक केले. मग ग्रुपमधल्या तेजसचे. तेजस सगळ्यांना सांगत सुटलाय, "मनीषामॅडम के ब्रेक मक्खन!" ह्या आठवड्यात आणखी तीन सायकली येतायत. मकरंदच्या गॅरेजातून एकेक सायकल काढून आणतेय मी. ह्या दोघांच्या ब्रेकांतही तेच काळं तेल!

काल त्याने ग्रुपवर टाकलं — "ब्रेकसारख्या गोष्टी अनुभवी हातातच द्याव्यात." नाव नाही घेतलं. मी अंगठा टाकला.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज काय झालं! शिल्पा आली. मकरंदची बायको, बरकतपुऱ्याच्या शाळेत माझ्या मागे दोन वर्ग होती. गाडीच्या मागे सायकल घालून.

"मनीषाताई, रविवारी अनंतगिरीला जायचंय ना सगळ्यांनी. ह्याचा ब्रेक एकदम नरम झालाय. हा विजयवाड्याला गेलाय ऑफिसच्या कामाला, शनिवारी येईल. तू करून देशील?"

"तो स्वतः करतो ना?"

तिने जिन्यात कोणी नाही ना बघितलं. "त्याला येत नाही गं. नक्को, कोणाला सांगू नकोस. दुकानात केले म्हणून सांगेन मी."

सायकल आत घेतली. चहा केला. शिल्पाने खांद्याची चौकशी केली. तिचा काही दोष नाही.

सायकल माझ्या बाल्कनीत आहे. मकरंदची. ती वाट उतरणार आहे रविवारी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

एक बुडबुडा. हरभऱ्याएवढा पुरे. घरासमोर दाबला तर लिव्हर ठीक लागेल, उतारावर तिसऱ्या वळणापाशी तेल तापेल आणि — मला माहीत आहे पुढे काय होतं. आकाश दिसतं, मग माती.

सिरिंज हातात धरून बराच वेळ बसले. खोटं कशाला लिहू, ठरवलंही होतं.

मग नाही केलं. चांगुलपणाने नाही! तो पडला असता तर ग्रुप म्हणाला असता, बिचारा. त्याला बिचारा करायचं नाहीये मला. दुसरं काहीतरी सुचलं. काम करता करताच सुचलं आणि इतकं सुचलं की एकटीच हसत होते. नवं तेल, एकही बुडबुडा नाही. पुसून चकाचक केली. शिल्पा संध्याकाळी घेऊन गेली.

१५ डिसेंबर, रविवार

सगळं लिहिते, विसरायचं नाही.

टेकडीवर चढून आलो सगळे, चौदा जण, शिल्पाही. मकरंद पुढे उभा, हातमोजे घालत. "जेंट्स माझ्या मागे. लेडीज डांबरी रस्त्याने, प्लीज." मी सायकल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "मकरंद, तुझे ब्रेक परवा मी केले. शिल्पा घेऊन आली होती."

त्याचा चेहरा! शिल्पाकडे वळला. ती म्हणाली, "हो."

"तू?" मला म्हणाला.

"मी. स्वतः. नवं तेल घातलं. एकदम फर्स्टक्लास."

त्याचेच शब्द, त्याच चालीत. त्याला कळलं. भाग्यलक्ष्मीलाही कळलं, ती खोकली.

त्याने लिव्हर दाबला. दगड होता, मला ठाऊक आहे. परत दाबला. वाटेकडे बघितलं, माझ्या खांद्याकडे बघितलं. आपण माझ्याशी काय केलंय हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून तर माझ्या कामावर विश्वास बसेना! मग म्हणाला, "गुडघा जरा दुखतोय."

आणि सायकल हातात धरून डांबरी रस्त्याने चालत निघाला. चालत! जेंट्सचा कॅप्टन!

मी आणि भाग्यलक्ष्मी जंगलातून उतरलो. तिसऱ्या वळणावर लिव्हर दाबला, ब्रेकने धरलं. खाली पोचून पंचवीस मिनिटं त्याची वाट बघत चहा प्यायलो. आयुष्यात इतका गोड चहा प्यायले नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

ग्रुपवर मकरंदने लिहिलं, यापुढे ज्याने त्याने आपापल्या मर्जीने उतरावं. नुसतं तेवढंच. बस! जिंकले.

१९ डिसेंबर, गुरुवार

शिल्पाचा फोन — सायकलखाली फरशीवर तेल आहे, येऊन बघशील? गेले. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला, हँडलला टेकला. खालचा स्क्रू बोटानेच फिरवलेला, पाना लावून आवळलाच नव्हता. त्या शुक्रवारी काम करताना, टेकडीवर काय बोलायचं तेच घोकत होते मी. मुद्दाम नाही, देवाशपथ नाही. तो त्या वाटेने उतरला असता तर पहिल्या दोन वळणांतच सगळं तेल बाहेर आलं असतं.

"काय बिघडलंय गं?" शिल्पाने विचारलं.

"मी बिघडवलंय," म्हटलं. मकरंद मागे दारात उभा होता. त्याने ऐकलं.