दोन्ही कप्पे रिकामे

सोमवार, ४ मार्च
नोकरी पक्की! कार्यालयातल्या मॅडमनी सकाळी स्वतः सांगितलं: चाचणीबिचणी काही नाही, आजपासूनच कायम. एवढी घाई का, हे विचारायचं सुचलंच नाही. आईला फोन लावला. ती म्हणाली, शाब्बास ठकू, आता माझी सुटका. मला या वयात ठकू म्हणणारी जगात ती एकटीच.

शहराचा पाणीपुरवठा या इमारतीतून चालतो. कुठली झडप कधी उघडायची, टाकीत पाणी किती, सगळं इथल्या सर्व्हरला ठाऊक. तो कधीच बंद करायचा नाही. त्याच्या डिस्क सांभाळणं हे माझं काम. वर राहायला खोली आहे: एक खिडकी, शेगडी, दोन खुर्च्या. आई म्हणाली, दुसरी खुर्ची माझी, पुसून ठेव. मी एकुलती एक, बाबा नाहीत. जम बसला की तिला आणणार.

मंगळवार, ५ मार्च
इथले जुने तंत्रज्ञ म्हणजे अप्पा. त्यांनी काम दाखवलं. सर्व्हरच्या कपाटात दोन कप्पे, दोन डिस्क, दोघींत माहिती तीच. अप्पा म्हणतात, या जुळ्या जावा आहेत. एक आजारी पडली तर दुसरी घर ओढते, पण दोघी एकदम माहेरी गेल्या की शहरभर बोंब. आजारी डिस्क चालू यंत्रातूनच ओढून काढायची, कोरी बसवायची. मग धडधाकट डिस्क कोरीला हळूहळू सगळं शिकवते. ते पुरं होईपर्यंत धडधाकटीला हात लावायचा नाही.

अप्पांचा आणखी एक नियम: कपाटापाशी माणसंही दोन हवीत. एकटं का चालत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, एकट्याला करमत नाही.

बोलताना त्यांचे शब्द हरवतात. एकच वाक्य दोनदा येतं. पहारेकरी म्हणतो, म्हातारा गंजला.

शुक्रवार, ८ मार्च
चूक झाली. कपाटाचे पुढचे दिवे कधीच गेलेत, दिवा फक्त मागून दिसतो. मागे जाऊन पाहिलं, डाव्या डिस्कचा दिवा लाल. पुढे येऊन डावी ओढली. मागून डावी ती पुढून उजवी, हे डिस्क हातात आल्यावर लक्षात आलं. मी धडधाकट काढली होती.

संगणकाचा पडदा काळा व्हायला हवा होता. झाला नाही. वाटलं, आजारी डिस्कमध्ये अजून धुगधुगी असेल. हात लावला तर थंडगार. तीही काढून पाहिली. दोन्ही कप्पे रिकामे, आणि पडद्यावर आकडे नेहमीसारखे सरकत होते.

अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले. पडद्यावर येणारे आकडे ते पुटपुटत होते. आधी ते, मग पडदा.

डोळे न उघडता म्हणाले की त्या डिस्कांत कित्येक वर्षं काहीच नाही. तू आलीस, बरं झालं.

बुधवार, १३ मार्च
दवाखान्यामागच्या गल्लीत संध्याकाळी पाण्याचा दाब पडतो. तिथली झडप अर्धा वळसा जास्त फिरवावी लागते. मी त्या गल्लीत कधी गेलेले नाही.

फोनवर आईनं काहीतरी म्हणून हाक मारली. ठेवल्यावर आठवेना, काय म्हणाली ते.

शनिवार, १६ मार्च
निघाले. बॅग भरली, कुणाला सांगितलं नाही. स्थानकावर तिकीटवाल्यानं विचारलं, कुठलं देऊ. मला गावाचं नाव सांगता येईना. मागचे लोक करवादले. कुणी म्हणालं, बाई, ठरवून तरी या की.
परतीचा रस्ता मात्र पाठ होता. प्रत्येक झडपेसकट.

मंगळवार, १९ मार्च
अप्पांना नेलं. ते नुसतेच बसून होते, कोरे. मला विचारलं, तुम्ही कोण.
आता खुर्चीत मी. एकटीला खरंच करमत नाही.

शुक्रवार, २२ मार्च
वरच्या खोलीत एक बाई आल्यात. पहारेकरी म्हणाला, फोन उचलेनास म्हणून तुझी आई आली. भल्या आहेत. ठकू, ठकू म्हणून रडल्या. ही ठकू कोण?
मॅडमचा निरोप: नवा माणूस सोमवारी येणार, नक्की. तोवर या बाई चालतील.
बाईंनी वरची दुसरी खुर्ची खाली आणली. पुसली. माझ्या शेजारी —

शनिवार
बाई माझा हात सोडत नाहीत. मी लिहिते तो हात सोडून — दुसरा.
मोठी टाकी पाऊण. उत्तरेची झडप बंद.

रविवार
त्या आता ठकू म्हणत नाहीत.
ओठ हलताहेत. दवाखान्यामागची गल्ली, अर्धा वळसा — माझ्याबरोबर, एकाच सुरात.
उद्या नवा येईल. मग त्यांनाही अप्पांसारखं —
उठवायला हवं. आत्ता. त्यांना सांगायला हवं, उठा, जा, तुमची मुलगी इथंच —