ज्याचं नाव घेत नाहीत

शेवगाव,
१४ मार्च १९७२

ती. श्रीमंतदादांना तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि तांबडीचं वासरू ठीक असावं. विजयमाला माहेरी सुखरूप पोचलीच असेल. एकटीच निघाली, म्हणून विचारतो.

झालं असं, की शाळेत नववीला इंग्रजीत अस्वलाचा धडा आला. मी मुळापासून शिकवणारा माणूस (मुलं कंटाळतात, तो त्यांचा प्रश्न). नगरहून आणलेला जाडजूड कोश उघडला, तर इंग्रजी 'बेअर' शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'तपकिरी'! अस्वलाचं खरं, जुनं नाव आपल्याकडे 'ऋक्ष' म्हणून राहिलं, ग्रीकांकडे 'आर्क्टोस' म्हणून. इंग्रजांच्या रानवासी पूर्वजांनी मात्र ते भीतीनं टाकलं. नाव घेतलं की अस्वल येतं, म्हणून नुसतं 'तपकिरी'. पुढं खरं नाव कुणाला आठवेनासंच झालं. हे घरी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "त्यात काय नवं? आमी बी बिळातल्याला लांबडंच म्हंतो की. त्याचं नाव घ्याचं नसतंय."

मला चेव आला. भर दुपारी उंबऱ्यावर उभं राहून त्या लांबड्याचं खरं नाव मी तीनदा मोठ्यानं घेतलं. विजयमालानं कानांवर हात ठेवले. काही आलं नाही. संध्याकाळी कोश उघडला, तर अस्वलाच्याच पानात कात निघाली, दोन हात लांब, नीट घडी घातलेली. (उंदरामागं आलं असेल, असं मी म्हणालो. मला ते पटलं नाही.) दुसऱ्या दिवशी कात माझ्या कोटाच्या बाहीत होती. तिसऱ्या दिवशी तुमची बहीण गेली.

तेव्हापासून रंगुबाई कुंपणावरून मला नावानं हाक मारत नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यालाच विचारतात, "त्ये हाय का घरात?" हेडमास्तर नावाऐवजी नुसता घसा खाकरतात. वर्गात बाकांमधून फिरलो, की मुलं पाय वर घेतात. दादा, मला भीती वाटते.

आपला,
(ओळखलं असेलच)

ता. क. त्याचं नाव मी या पत्रात एकदाही लिहिलेलं नाही. कोश शाळेला देऊन टाकला.

आणखी एक ता. क. खरं काम हे: विजयमालाला दारात उभी करून उखाण्यात माझं नाव घ्यायला लावा. लग्नात एकदाच घेतलं होतं तिनं. आता कुणीतरी घेतल्याशिवाय मला गावाबाहेर पडवत नाही. तिनं घेतलं, की मी येईनच. फक्त कडी काढण्याआधी फटीतून बघा. आधी खाली बघा.