साहेबांच्या ताटातल्या साली

पुंटी, सगळा दोष तुझा. कच्च्या केळ्याच्या सालींचं वाटण मला शिकवलंस तू. शिकवलं नसतंस, तर माझी नातसून तापसी आज तुमच्या गावात, माहेरी रुसून बसली नसती. बरं, आता रीतीचं: दुर्गामाता तुला सुखात ठेवो. गुडघे कसे आहेत? माझे होते तसेच, तोंडही होतं तसंच.

आमच्या हापशाचं पाणी तुला ठाऊकच आहे, नुसता लोखंडाचा गंज. भात लाल, लुगडी पिवळी (विधवा बाई मी, पण लुगडं बघावं तर हळद लागल्यासारखं). तापसीनं केळ्याच्या साली वाळवून कुटल्या, वाळूबरोबर माठात भरल्या आणि त्यातून पाणी गाळायला लागली. साली सारख्या बदलाव्या लागतात, म्हणून दारोदार मागत फिरायची. मी म्हणायची, "माहेराहून हाच हुंडा आणलास का गं, उकिरडा?" ती नुसती हसायची. भात पांढरा झाला होता, पुंटी. मी पाहिलं, पण बोलले नाही.

मंगळवारी ब्लॉक ऑफिसातले सरकारी साहेब तो माठ बघायला आले. पसंत पडला असता तर शाळेत असे माठ बसणार होते, आणि काम तापसीच्या बचतगटाला. आले ऐन जेवणाच्या वेळी (गावाचं पाणी साहेबांना दुपारीच आठवतं). तापसी त्यांना हापसे दाखवायला घेऊन गेली. माठ नव्यानं भरायचा होता, त्याच्या वाळलेल्या साली टोपलीत होत्या. मी त्या भिजवल्या, उकडल्या, मोहरी-मिरची घालून वाटल्या, वरून कच्चं तेल. साहेबांनी तीनदा मागून घेतलं. "आजी, काय हात आहे!" मग ढेकर देऊन म्हणाले, "चला, आता ते पाणी साफ करणारं दाखवा."

तापसीनं रिकामी टोपली पाहिली. म्हणाली, "ते तुम्ही जेवलात, साहेब."

सगळे हसले. ती हसली नाही. भांडी घासली, पिशवी भरली आणि गेली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

तुझी दीदी,
ननीबाला

ता. क. साहेब येत्या मंगळवारी पुन्हा येणार आहेत. साली आता मीच मागत फिरते. शेजारच्या मित्तिरांची सून म्हणाली, "आज कुठले साहेब जेवायला, आजी?" ऐकून घेतलं. मी! तापसीला धाडून दे.

आणखी ता. क. साली कशासाठी ठेवल्यात ते मला ठाऊक होतं. पण साहेबांनी उंबऱ्यातच विचारलं, "ती हुशार सून कुठंय?" जन्मभर या घरात रांधतेय, मला कुणी असं विचारलं नाही. हे तिला सांगू नकोस. नको, सांगच. भात पुन्हा लाल झालाय, तेही सांग.

उत्तर तू लिहायचं नाहीस. तिनं लिहायचं. शिव्या असल्या तरी चालतील.